पांढरं थिंबल, कथील आणि निकेल

गेवराई तालुक्यात विहिरीचं पाणी असो की पैठणच्या उजव्या कालव्याचं, ते शेतात चढवायला अनेक ठिकाणी मोटर लागते. मोटर जळली की बोट कमी दाबाच्या विजेकडे जातं. स्टार्टरच्या पेटीतले जोड मात्र कोणी पाहत नाही. एका फेजचा जोड तापून तुटला, तर मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि वाइंडिंग जळतं.

या जोडांबद्दल पहिला गैरसमज दुकानातच होतो. वायरच्या टोकाला दाबून बसवायचं पांढरं थिंबल अॅल्युमिनियमचं समजून परत केलं जातं. बहुतेक वेळा ते तांब्याचंच असतं, वर कथलाचा मुलामा. चाकूने कडेला ओरखडा काढा, आत लाल तांबं दिसेल. भांड्यांना कल्हई करतात तीही कथलाचीच.

काहीजण मुलाम्याने वीज अडेल म्हणून थिंबल पॉलिश पेपरने घासतात. हे फार नुकसानीचं आहे. कथील तांब्यापेक्षा वीज बरीच कमी वाहतं हे खरं, पण थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो; त्याचा अडथळा नगण्य. घासून उघडं पडलेलं तांबं मात्र ओलीत, गोठ्याजवळच्या हवेत काळं-हिरवं पडतं आणि अडथळा खरोखर वाढतो.

आता निकेल; काही थिंबलांवर कथलाऐवजी त्याचा मुलामा असतो. ते जास्त चकाकतं, टणकही असतं, म्हणून गिऱ्हाईक त्यालाच भारी समजतं. जोडाच्या बाबतीत हा टणकपणाच आडवा येतो. कथील मऊ असल्याने बोल्ट आवळला की त्यावरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा फुटतो आणि धातूला धातू भिडतो. निकेलवरचा पापुद्रा फोडायला बराच जास्त दाब लागतो. 5 एचपीच्या मोटरला साधारण 7-8 अँपिअर लागतात. तिथे कथील पुरेसं आहे आणि स्वस्तही.

निकेलची जागा उष्णतेत आहे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल 1455 अंशांना. त्याआधीच, सतत 100 अंशांच्या वर राहिलं तर कथील आणि तांबं एकमेकांत मुरून ठिसूळ थर तयार होतो. म्हणून हीटर, भट्टी, ओव्हन यांच्या टर्मिनलला निकेलच हवं. गेवराईचा मे महिना कितीही कडक असला तरी पेटीतली हवा तिथवर पोहोचत नाही.

अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याच्या टर्मिनलला जोडताना मात्र नुसत्या मुलाम्यावर विसंबू नका, दोन धातूंचं बायमेटॅलिक थिंबल घ्या.

आणि ढिला जोड कोणताच मुलामा वाचवत नाही. हंगाम सुरू होण्याआधी मेन बंद करून वायरमनकडून थिंबलं नीट दाबून घ्या, बोल्ट आवळून घ्या, काळं पडलेलं थिंबल घासत न बसता बदला.