रविवारची गाडी

कल्याण-डोंबिवलीत जुनी गाडी बघायला गेले की एक वाक्य हमखास कानावर येते: “साहेब लोकलने जायचे, गाडी फक्त रविवारी निघायची.” हे वाक्य पुष्कळदा खरे असते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यातला नोकरदार सकाळची ठरलेली लोकल पकडतो. गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी राहते. देवदर्शन, लग्नकार्य, मे महिन्यातले गाव आणि गणपतीतले कोकण एवढ्यात तिचे वर्ष सरते. त्यामुळे इथे सात वर्षांच्या गाडीचे रनिंग पस्तीस हजार असण्यात नवल काहीच नाही. पण त्याच वर्षी घेतलेली, त्याच मॉडेलची दुसरी गाडी रोज कल्याणहून ठाण्याला जात असेल तर? जाऊन-येऊन ४५ किलोमीटर आणि वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर वर्षाला ११,२५० आणि सात वर्षांत ७८,७५० किलोमीटर होतात. गावच्या फेऱ्या वेगळ्या. दोन्ही गाड्यांचे पासिंग एमएच-०५, दोन्हींचा पहिलाच मालक, दोन्ही पॉलिश केलेल्या. खरेदीदाराच्या नजरेला त्यांच्यातला फरक सांगतो तो मुख्यतः डॅशबोर्डवरचा आकडा. तो मागे फिरवला की दुसरी गाडी पहिलीच्या भावात जाते आणि कोणाला शंकाही येत नाही, कारण खरोखर कमी चाललेल्या गाड्या प्रत्येक सोसायटीत उभ्या आहेत. खोटे नाणे चालते ते खऱ्या नाण्यांच्या पतीवर.

मीटर मागे घेण्याचे तंत्र अवघड राहिलेले नाही. पूर्वी गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल येई आणि आकड्यांची छोटी चक्रे फिरवी; मीटर उघडून ती चक्रे हाताने जुळवावी लागत आणि तिरपी बसलेली एखादी ओळ चोरी उघडी पाडत असे. डिजिटल मीटर आले तेव्हा ही लबाडी संपेल असे वाटले होते. झाले उलटेच. आता आकडा मीटरमधल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. स्टीअरिंगखालच्या निदानाच्या सॉकेटला यंत्र जोडून किंवा मीटर उघडून चिप नव्याने लिहिली की काम झाले. काचेवर ओरखडा नाही, आकड्यांची ओळ सरळ. काही गाड्यांत हाच आकडा इंजिनाच्या किंवा ब्रेकच्या संगणकातही उमटतो आणि तिथला विसरला गेला तर चोरी पकडता येते. पण तो वाचायला त्या कंपनीचे स्कॅनर लागते, आणि रविवारी सकाळी गाडी बघायला सोबत नेलेल्या ओळखीच्या मेकॅनिककडे ते असेलच असे नाही.

सरकार या व्यवहारात काय बघते, हे तपासले की चित्र स्पष्ट होते. गाडी नावावर करताना विकणारा फॉर्म २९ भरतो आणि दोघे मिळून फॉर्म ३०. नंबर, चासी, इंजिन, नाव, पत्ता, कर्जाचा बोजा हे सगळे त्यांत विचारले जाते. गाडी किती चालली, हे विचारलेले नाही. मालकी मात्र बारकाईने पाहिली जाते, आणि तिला कारणही आहे. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी विकली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. पुढे डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाले आणि १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना अधिकृत परवाना घेणे आले. डीलरच्या ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती किलोमीटर चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही त्यांना ठेवावी लागते. म्हणजे दुकानात आल्यानंतरचे चार-दोन किलोमीटर नियमाला महत्त्वाचे वाटतात, आणि त्याआधीचे पाऊण लाख मात्र विक्रेत्याच्या शब्दावर सोडलेले आहेत. जानेवारी २०२५पासून डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आकडा फिरवून वाढवलेल्या नफ्यातला वाटा अशा रीतीने सरकारी तिजोरीतही जातो, आणि मला हे अतिशय खटकते.

तराजूचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो आणि तो मुदतीत नूतन करावा लागतो. ठाण्यातल्या रिक्षाचे भाडे वाढले की मीटर नव्याने जुळवून, तपासून, सील करून घ्यावे लागते. पाव किलो साखरेचे वजन आणि दोन-पाच रुपयांचे भाडे समाजाने खाजगी विश्वासावर सोडलेले नाही. मोजमाप खोटे ठरले तर बाजारच उभा राहत नाही, हे आपण फार पूर्वीच मान्य केले आहे. ओडोमीटर हेही मोजमापच आहे. त्याच्या आकड्यावर चार-पाच लाखांचा सौदा ठरतो, घरातले सोने मोडले जाते, बँकेचा हप्ता बांधला जातो. म्हणून गाडीचे रनिंग ही विकणारा आणि घेणारा यांच्यातली खाजगी बाब नाही. वजनमापासारखी तिची नोंद सार्वजनिक असली पाहिजे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. पेडलचे रबर, स्टीअरिंगवरची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची कड आणि टायरवरचे, तयार झाल्याचा आठवडा व वर्ष सांगणारे चार अंक पाहावेत. पाहावेतच. पण रबर आणि सीट कव्हर काही हजारांत नवे मिळते. शिवाय कायदाही हे उत्तर पुरते मान्य करत नाही. करार कायद्याच्या १७व्या कलमानुसार वस्तुस्थिती मुद्दाम दडवणे हे कपट आहे. नीट पाहिले असते तर कळले असते, हा बचाव १९व्या कलमाने अजाणता केलेल्या चुकीच्या कथनापुरता आणि मौन बाळगण्यापुरता मान्य केला आहे. आकडा बदलणे हे अजाणता केलेले कथन नव्हे आणि मौनही नव्हे, मुद्दाम केलेली कृती आहे. त्याहून मोठी गोष्ट जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन मांडली आणि २००१मध्ये त्यांना नोबेल मिळाले. चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर घेणारा प्रत्येक गाडीला मधला भाव देतो; त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या वाईट गाड्या. डोंबिवलीच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. ज्या निवृत्त जोडप्याने गाडी खरोखर रविवारीच काढली, त्यांच्या आकड्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. “हे सगळेच सांगतात,” म्हणत घेणारा भाव पाडतो. लुटला गेलेला घेणारा निदान दिसतो. हा प्रामाणिक विकणारा कोणाच्या हिशेबातच येत नाही.

गाडीची अवस्था किलोमीटरवर ठरत नाही, ती कशी वापरली यावर ठरते, असे जाणकार सांगतात. त्यात तथ्य आहे. शिळफाट्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत तासभर चालू राहिलेले इंजिन मीटरवर जेमतेम दहा किलोमीटर दाखवते, तर नाशिक महामार्गावरचे तेवढेच किलोमीटर इंजिनाला जाणवतही नाहीत. पण यावरून आकडा निरुपयोगी ठरत नाही. फार तर तो या भागात झीज कमीच सांगतो असे म्हणता येईल, आणि तोही आणखी कमी केला तर धोका दुप्पट होतो. टायमिंग बेल्ट, गिअर ऑइल, ब्रेकचे भाग, सस्पेन्शनचे बुश यांचे वेळापत्रक किलोमीटरवर बांधलेले असते. नव्वद हजारांची गाडी चाळीस हजारांची म्हणून चालवणारा मालक बेल्ट बदलायची वेळ उलटून गेल्यावरही निर्धास्त असतो. इलेक्ट्रिक गाड्यांत तर काही बॅटऱ्यांची हमीच ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते.

फसवणुकीविरुद्ध कायदा आहेच, असाही एक आक्षेप येतो. आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डीलरकडून घेतलेल्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. १९७४मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, तेव्हापासून तक्रार करण्याची सवय महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला आहे. पण सिद्ध काय करायचे? आकडा फिरवला गेला एवढे स्कॅनर सांगेल. कोणी फिरवला हे सांगणार नाही. पहिला मालक एजंटकडे बोट दाखवतो, एजंट डीलरकडे, डीलर म्हणतो गाडी अशीच आली. शिवाय शेजाऱ्याकडून थेट घेतली असेल तर तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाची वाट बंद, आणि दिवाणी दावा लढायला कोणाला वेळ आहे? गुन्हा कुठल्या हातात असताना घडला हे तारखेनिशी सांगणारी नोंद नसेल, तर सात वर्षांची शिक्षा कागदावरच राहते.

बाहेरच्या देशांचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेने १९७२मध्येच कायदा करून मालकी बदलताना आकडा लिहून देणे सक्तीचे केले. तरी खोट्या आकड्याच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या तिथे दरवर्षी विकल्या जातात असा तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे. विकणाराच आकडा लिहितो तोवर एवढेच होणार. बेल्जियमने वेगळा मार्ग धरला. तिथे गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येक व्यावसायिक गॅरेजला आकडा एका मध्यवर्ती संस्थेला कळवावा लागतो. विकताना ‘कार-पास’ हा दाखला द्यावा लागतो आणि तो नसेल तर घेणारा व्यवहार मोडू शकतो. २००६पासून ही पद्धत सुरू आहे आणि देशातल्या देशात होणारी फसवणूक तिने जवळजवळ संपवली. युरोपीय संसदेच्या २०१८च्या ठरावात म्हटले आहे, की देशांतर्गत विक्रीत ५ ते १२ टक्के गाड्यांत फेरफार असतो, तर सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांत तोच ३० ते ५० टक्के. नोंद जिथे तुटते तिथे चोरी वाढते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यावर अनेक गाड्या ना-हरकत दाखल्यावर इतर राज्यांत गेल्या. तिकडचे सर्व्हिसिंग, तिकडचे मीटर, आणि इथे नव्या नंबरची पाटी. यांच्यामध्ये धागाच उरत नाही.

आपल्याकडे नवे खाते उघडायची गरज नाही. खाजगी गाडीला पंधरा वर्षे फिटनेसच्या तपासणीला जावे लागत नाही, पण बीएस-४ आणि त्यापुढची गाडी दरवर्षी पीयूसीला उभी राहतेच. त्याच वेळी मीटरचा फोटो घेऊन तो वाहन नोंदीला जोडला आणि घेणाऱ्याला उघडून दाखवला, तर सात वर्षांत सहा-सात तारखा जमतात. जुलै २०२२पासून विमा नियामकाने चालवाल तेवढाच हप्ता असे पर्याय मान्य केले आहेत, तेव्हा विमा कंपन्याही आकडे गोळा करतातच. पीयूसी केंद्रे गाडी न बघता कागद देतात, ही तक्रार खरी आहे आणि त्या केंद्रांवर धाक बसल्याशिवाय यातले काही साधणार नाही. मीटर खरोखर बिघडतात, हेही खरे. २००५ आणि २०१९च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण भागात शिरले, तेव्हा बुडालेल्या गाड्यांचे मीटर बदलावेच लागले असतील. अशा वेळी जुना आकडा नोंदवून नवे मीटर बसवण्याची सोय हवी. खाजगीपणाचा प्रश्न मात्र मला पटत नाही. गाडी कुठे गेली हे फास्टॅग सांगतो. आकडा फक्त किती चालली तेवढेच सांगतो.

तोवर घेणाऱ्याच्या हाती थोडेच आहे, पण ते करावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून तारीखवार इतिहास मालकालाच काढायला सांगावा आणि फास्टॅगचे विवरणही मागावे. मात्र १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुलुंड, ऐरोलीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाल्याने ठाणेकरांच्या रोजच्या फेऱ्या आता त्यात दिसणार नाहीत. आणि गाडीचा ताबा घेताना जी डिलिव्हरी नोट लिहिली जाते, तिच्यात तारीख आणि वेळेसोबत मीटरचा आकडा अक्षरी लिहून, ‘हा आकडा माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ या वाक्याखाली विकणाऱ्याची सही घ्यावी. विकणारा कचरला, तर टोकन परत मागावे.