गाडीचा वायुरोध आणि घरगुती बदलांची चाचणी

वायुरोध
धावत्या गाडीला समोरची हवा बाजूला सारावी लागते. त्यातून निर्माण होणारा अडथळा म्हणजे वायुरोध. तो गाडीचा आकार, समोरून दिसणारे क्षेत्रफळ, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर झाला की वायुरोध चौपट होतो. त्यामुळे कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या गर्दीत आकारातील बदल जवळजवळ निरुपयोगी ठरतो; पुणे–बेंगळुरू महामार्गावर मात्र तो इंधनखर्चात जाणवू शकतो.

घरगुती बदल
टपावरचे रिकामे कॅरियर काढणे, चाकांना सपाट झाकणे बसवणे, पुढील जाळीचा काही भाग बंद करणे, तळाला सपाट पत्रा लावणे हे नेहमीचे उपाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचे काम करून मिळणे अवघड नाही; अवघड आहे ते फायदा सिद्ध करणे. पृष्ठभागावर लोकरीचे छोटे धागे चिकटवून दुसऱ्या वाहनातून चित्रण केल्यास हवेचा प्रवाह दिसतो. धागे सपाट राहिले तर प्रवाह पृष्ठभागाला धरून आहे. ते फडफडले वा उलटे फिरले तर तो सुटला आहे.

टाकीवरून मोजणी
टाकी भरून ॲव्हरेज काढण्याची पद्धत सोपी, पण कमी अंतरासाठी अविश्वसनीय आहे. पाच लिटर पेट्रोल खर्च झाले आणि भरताना पाव लिटरचा फरक पडला, तर चूक ५ टक्के होते. अपेक्षित बचतही बहुधा तेवढीच असते. तीस लिटरच्या खर्चात तीच चूक १ टक्क्याहून कमी राहते.

घरंगळण चाचणी
ठरावीक वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून, वेग ८० वरून ६० वर येण्यास लागणारा वेळ मोजतात. एकूण रोध घटला की वेळ वाढतो. चढ-उताराचा परिणाम वगळण्यासाठी मोजणी दोन्ही दिशांना होते. आधी मूळ गाडी, मग बदल, पुन्हा मूळ गाडी हा क्रम महत्त्वाचा. तिसरी मोजणी पहिलीशी जुळली नाही, तर मधल्या फरकाचे श्रेय बदलाला देता येत नाही.

हवामान
हिवाळ्यात सकाळी तापमान १५ अंश आणि दुपारी ३० अंश असेल, तर हवेची घनता सुमारे ५ टक्क्यांनी घटते. वायुरोधही तेवढाच घटतो. टायर तापल्याने त्यांचा रोधही बदलतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि साधारण उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गावर तो आडवा लागतो. म्हणून वारा पडलेला असताना, टायरमधील हवा आणि गाडीतील वजन समान ठेवून, सर्व मोजण्या लागोपाठ कराव्या लागतात.

मर्यादा
जाळी जास्त झाकल्यास गगनबावड्याच्या घाटात इंजिन तापू शकते. सायलेन्सरजवळ प्लॅस्टिक धोक्याचे. वाहत्या महामार्गावर वेग घटवत नेणे मागच्या वाहनांना घातक असल्याने चाचणीसाठी मोकळा, बंदिस्त रस्ताच योग्य. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही.

उपयोग
प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून इंधनखर्च मोजताना रोलरवर किती भार द्यावा, हेही रस्त्यावरील घरंगळण चाचणीतून ठरवता येते. तत्त्व दोन्हीकडे एकच: इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलणे. वारंवार तपासूनही टिकणारा २ टक्क्यांचा फायदा हा एकदाच दिसलेल्या १० टक्क्यांपेक्षा अधिक मोलाचा असतो.