लेखांक ६ : माती तापते, विष कुठे जातं?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना उष्णतेने वाळू साफ करण्याचं नवल वाटणार नाही. कोअरच्या वाळूत फिनॉलिक रेझिन असतं. ओतकामानंतर साचा फोडला की कणांवर जळक्या रेझिनचा काळा पापुद्रा उरतो आणि नुसतं घासून तो पुरता निघत नाही. मग थर्मल रिक्लेमेशनच्या भट्टीत खालून हवा फुंकत वाळू ६५० ते ८०० अंश सेल्सिअसला तापवतात. रेझिन जळतं, वाळू पुन्हा कोअरला चालते. बेंटोनाइटच्या ग्रीन सॅण्डला मात्र एवढ्याने भागत नाही. भाजून कणाला चिकटलेलं बेंटोनाइट घासूनच काढावं लागतं.

जमिनीतली दूषित माती साफ करताना बहुधा काहीच जाळायचं नसतं. साधारण १०० ते ५५० अंशांपर्यंत तापवून विषारी द्रव्याची वाफ करायची आणि ती ओढून घ्यायची. डिझेल, सॉल्व्हंट थोडक्यात सुटतात. पारा ३५७ अंशांना उकळतो; कोडाईकनालच्या बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्याची माती साफ करण्याच्या योजनेत धुण्याबरोबर तापवून पारा काढणंही होतं.

खर्चाचं गणित बिघडवतं ते पाणी. एक टन ओल्या मातीत २०० किलो पाणी धरा. ते उडवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या निम्म्यात उरलेली कोरडी माती ३५० अंशांपर्यंत तापेल. पाणी असेपर्यंत माती शंभराच्या फारशी वर चढत नाही. आपल्याकडची काळी, चिकट माती पावसाळ्यात उकरून भट्टीत घालणं म्हणजे इंधनाची नासाडीच. आधी शेडखाली वाळवलेली बरी.

पण माझ्या मते यंत्रणेची किंमत भट्टीवरून नव्हे, तिच्या मागच्या नळीवरून करावी. मातीतून सुटलेली वाफ थंड करून किंवा कार्बनच्या थरातून गाळून पकडावी लागते, नाहीतर जाळावी लागते. घातक कचऱ्याच्या भट्टीला आपल्याकडे दुसऱ्या कक्षात १,१०० अंश आणि किमान दोन सेकंद असा दंडक आहे. पुढे तो वायू झपाट्याने थंड करावा लागतो, कारण रेंगाळत निवला तर ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन पुन्हा तयार होतात. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पिथमपूरला जाळला, तेव्हा तिथल्या लोकांनी विरोध केला तो याच धुराच्या धास्तीने.

धातूंपुढे तर हा उपाय लंगडाच. शिसं, निकेल, क्रोमियम जळून नाहीसे होत नाहीत. त्यात क्रोमियमची वेगळीच खोड: मातीतलं त्रिसंयुजी क्रोमियम हवेत तापवलं की त्याचा काही भाग कितीतरी जास्त विषारी अशा षट्‌संयुजी रूपात जातो. म्हणून क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्याने नासलेली माती भट्टीकडे न्यायचीच नाही. तिच्यावर फेरस सल्फेटचा उपाय करतात. तो पुढच्या आठवड्यात.