रॅपमध्ये रडता येतं का?

घरातलं माणूस गेलं की सोलापुरात काय आणि बार्शी-पंढरपुरात काय, पहिला सल्ला ठरलेला असतो : "झालं ते झालं, आता कामाला लाग." अशा वेळी घरातला पोरगा कानात इयरफोन घालून वहीत रॅपच्या ओळी लिहीत बसला, तर मोठ्यांना वाटतं, याला कशाचं काही नाही. त्या पोराला अडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण वही हातात दिली की झालं, असंही नाही.

"रॅप म्हणजे शिव्या आणि फुकाची मिजास" हा समज सगळ्यात घट्ट. तशी गाणी आहेत, ढिगाने आहेत. पण हिप हॉप जिथे जन्मलं तिथलं एक मरण ठाऊक असायला हवं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डिसेंबर १९७१ मध्ये 'घेटो ब्रदर्स' टोळीचा ब्लॅक बेंजी भांडण मिटवायला गेला आणि तिथेच मारला गेला. सूड घ्यायची तयारी झाली होती. तो न घेता ८ डिसेंबरला टोळ्या एकत्र बसल्या आणि त्यांनी तह केला. त्यामुळे एका हद्दीतल्या पोरांना दुसऱ्या हद्दीत नाचगाण्याला जाता येऊ लागलं. पुढे ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच ब्राँक्समध्ये कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. तो दिवस हिप हॉपचा जन्मदिवस मानतात. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचं १९९२चं 'दे रेमिनिस ओव्हर यू' हे गाजलेलं गाणं तर दोन वर्षांपूर्वी गेलेल्या ट्रॉय डिक्सन या मित्राच्या आठवणीतलं आहे.

"हे आपलं नाही" असं म्हणणाऱ्यांनी जिल्ह्याबाहेरसुद्धा जायला नको. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, तेव्हा मागे राहिलेल्या नामदेवांच्या नावावर समाधीचे अभंग आहेत. मित्र गेल्यावर भक्ताने देवापुढे केलेला तो आक्रोश आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना १३३८ मध्ये भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणल्या, असं परंपरा सांगते. जात्यावरच्या ओव्यांत तर बायकांनी काय काय सांगून ठेवलंय! सासुरवास, मेलेलं लेकरू, मागे राहिलेली आई. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख, आजच्या पिढीत वऱ्हाडी बोलीत रॅप करणारा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे 'हंड्रेड आरबीएच', अशी नावं कितीतरी सांगता येतील. ठेक्यावर बोलून मोकळं होणं आपल्याकडे नवं नाही.

"मला यमक जमत नाही" ही तक्रार बहुतेकांची. यमक नंतर येतं, आधी ठेका. मिनिटाला ९० ठोक्यांचा बीट घेतला आणि चार ठोक्यांचा एक बार धरला, तर सोळा बारचा अंतरा साधारण ४३ सेकंदांत संपतो. एवढ्यात सगळं आयुष्य मांडता येत नाही आणि तेच बरं आहे. वडील गेले, यावर सोळा ओळी लिहायला बसलं की त्यांची सायकल, मिलच्या पाळीवरून आल्यावर हात धुण्याची पद्धत, दवाखान्याचं बिल, असं एकेक हाताला लागतं. कुठली गोष्ट ठेवायची आणि कुठली सोडायची, हे लिहिणारा ठरवतो. ज्या घटनेपुढे तो पुरता हतबल झाला होता, तिच्यातलं एवढं तरी आता त्याच्या हातात येतं. भाषेचीही अडचण मानू नये. सोलापूरच्या कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड नाहीतर दख्खनी बोलतात. ज्या भाषेत माणूस घरी हाक मारत होतं, त्या भाषेतली ओळ मराठी अंतऱ्यात खुशाल यावी.

आता सगळ्यात जपून सांगायची गोष्ट. "लिहिलं की मन मोकळं होतं, औषधाची गरज नाही" हे खरं नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. पुढे २००६ मध्ये जोअ‍ॅन फ्रॅटरोली यांनी १४६ अभ्यास एकत्र तपासले. फायदा दिसला, पण सरासरीने लहान. जोडीदार गमावलेल्यांवरच्या २००२च्या एका अभ्यासात तर नुसत्या लिहिण्याने दुःख लवकर ओसरल्याचं आढळलं नाही. तेच तेच उगाळत राहिलं तर जखम चिघळूही शकते. म्हणून एडगर टायसन यांनी मांडलेल्या 'हिप हॉप थेरपी'त नुसतं गाणं नसतं. प्रशिक्षित माणूस समोर असतो, गाणं ऐकून त्यावर बोलणं होतं.

शोकाला वेळ लागतोच, त्यात आजार काही नाही. मात्र सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, झोप उडाली असेल, अपघाताचं दृश्य सारखं डोळ्यांपुढे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

आणि रेकॉर्ड करून इन्स्टाग्रामवर टाकलंच पाहिजे, हाही एक हट्टच. पेनेबेकरच्या विद्यार्थ्यांचं लिखाण कुणी गाजवलं नव्हतं, ते निनावी होतं. आईच्या आजारपणाचं, बहिणीच्या संसाराचं लिहिलं असेल तर ते त्यांचंही आहे. त्यांना विचारल्याशिवाय बाहेर काढू नये. वही बंद करून कपाटात ठेवली किंवा पानं फाडून टाकली, तरी चालतं.