शंभर पौंडांची गाडी

शंभर पौंडांच्या आतली गाडी घ्यायची, तिच्या डागडुजीवर पंधरा पौंडांहून जास्त घालायचे नाहीत, आणि इंग्लंडातून ती थेट पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियापर्यंत हाकायची. पोचली तर तिथे तिचा लिलाव, आणि येईल तो पैसा तिथल्याच धर्मादाय कामांना. ‘प्लिमथ-बांजूल चॅलेंज’चा मूळ नियम हा असा. बुरहानपुरात इंदूर-इच्छापूर रस्त्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे हे वाचल्यावर माझ्या डोक्यात दानधर्म आलाच नाही. पंधरा पौंडांत क्लचप्लेट तरी बसते का, हा पहिला प्रश्न!

नाहीच बसत, आणि गंमत तीच आहे. डेव्हन परगण्यातल्या ज्युलियन नॉविल या शेअर दलालाने हा उद्योग सुरू केला तो पॅरिस-डकार रॅलीची टर उडवायला. ती रॅली १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि वाढता वाढता कंपन्यांची झाली : मागे सुट्या भागांचे ट्रक, वर हेलिकॉप्टर. नॉविलच्या २००३ च्या पहिल्या मोहिमेत यातलं काही नव्हतं. बिघडली तर तुमची तुम्ही बघा.

वाट सुमारे सहा हजार किलोमीटरची. फ्रान्स, स्पेन, बोटीने मोरोक्को, मग पश्चिम सहारा. मोरोक्कोची चौकी सुटल्यावर मॉरिटानियाची येईपर्यंत काही किलोमीटरचा पट्टा २०२० पर्यंत कोणाच्याच ताब्यात नव्हता. आजूबाजूला भूसुरुंग, म्हणून आधीच्या गाड्यांची चाकोरी सोडायची नसे. सोडून दिलेल्या गाड्यांचे सांगाडे तिथे इतके पडलेले असायचे की लोकांनी त्या जागेला ‘कंदाहार’च नाव ठेवलं. पुढे नुआधिबू ते नुआकशोत डांबरी सडक होण्याआधी शेवटचा मोठा टप्पा ओहोटी साधून समुद्राच्या ओल्या वाळूवरून कापावा लागे. भरतीच्या आत पार व्हायचं, नाहीतर गाडी समुद्राची.

सेनेगलमध्ये संकट कागदांचं. ठरावीक वर्षांपेक्षा जुन्या गाड्या तो देश आयात होऊ देत नाही, आणि या गाड्या तर जुन्याच. वाटेत कोणी विकू नये म्हणून कस्टमवाल्यांच्या पहाऱ्यात सगळा ताफा गांबियाच्या हद्दीपर्यंत पोचवायचा.

आणखी एक अडचण माझ्यासारख्याच्या लगेच लक्षात येते. गांबियात वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. म्हणजे लिलावात खपायला स्टिअरिंग डावीकडे हवं, आणि इंग्लंडातल्या गाड्यांचं असतं उजवीकडे. तेव्हा डाव्या स्टिअरिंगचं भंगार शोधत फिरणं हीच अर्धी मोहीम. तिकडे स्क्रॅपला निघालेली गाडी इकडे मोलाची का ठरते? कारण सेनेगल-गांबियाच्या रस्त्यांवर सात सवाऱ्यांच्या जुन्या पेजो ५०४ वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावल्या आहेत. गाडी तीच असते, तिला दुरुस्त करणारे हात मात्र तिथे आहेत. युरोपात मजुरीच गाडीपेक्षा महाग पडते.

लोक विचारतात, एवढं डिझेल जाळण्यापेक्षा ते पैसे सरळ का पाठवत नाहीत? अहो, गणपतीची वर्गणी तरी नुसती पावती पुढे केल्यावर कोण देतो? ढोल वाजला की खिसा सैल होतो. माझा आक्षेप वेगळाच आहे. २००५ पासूनच्या बुडापेस्ट-बामाको रॅलीत अनेक जण वह्या, कपडे, फुटबॉल घेऊन जातात आणि स्वतःच्या हाताने वाटतात. मालीतली परिस्थिती बिघडल्यावर ती मोहीम सिएरा लिओनच्या फ्रीटाउनकडे वळली. तीत रुग्णवाहिका देऊन आलेलेही आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण खिडकीतून पेनं वाटून फोटो काढण्यापेक्षा गाडी लिलावाला लावून किल्ली देणं मला जास्त सभ्य वाटतं. घेणारा तिथे भाव करतो, हात पसरत नाही.

आपल्याकडे याच घराण्यातली ‘रिक्षा रन’ आहे. ब्रिस्टलच्या ‘द ॲडव्हेंचरिस्ट्स’ने २००६ मध्ये ती सुरू केली. परदेशी हौशी लोक आपली तीनचाकी रिक्षा घेऊन जैसलमेर ते कोचीसारखं अंतर तोडतात. मार्ग ठरलेला नाही, मागे मदतीची गाडी नाही. भारतात पिण्याच्या पाण्याचं काम करणाऱ्या ‘फ्रँक वॉटर’ या संस्थेसाठीही यातून पैसा उभा राहिला.

अशी एक रिक्षा जानेवारीत असीरगडचा घाट उतरून माझ्या दुकानासमोर थांबली. अंगावर वाघाचे पट्टे, आत तिघं. ॲक्सिलरेटरची केबल तुटलेली. तिच्या टोकाला बुटाची नाडी बांधून मागच्या सीटवरची बाई ती हाताने ओढत होती; पुढचा ओरडला की ओढायची, पुन्हा ओरडला की सोडायची. वीस किलोमीटर असे आले! आमच्या चाचा मिस्त्रींनी तुटकी तार उपसली, नव्या केबलमध्ये ऑइल सोडलं, ती ओवून निप्पल हँडलच्या खाचेत बसवलं. वर आणखी एक केबल जुन्या वाटेनेच ओवून, तोंडं मोकळी ठेवून टेपने बांधून दिली. पुन्हा तुटली तर नुसतं टोक अडकवा, म्हणाले.

पैसे कशासाठी जमवताय, हे विचारल्यावर पाण्यासाठी असं कळलं. चाचा हसले. “मग यांना कुंडी भंडारा दाखवा की.” सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, एकमेकींना जोडलेल्या विहिरींतून, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणणारी ती मोगल काळातली व्यवस्था, १६१५ ची. ऐकून तिघांचे डोळे मोठे झाले. पण रिक्षाचा दिवा मिणमिणता, आणि अंधाराच्या आत त्यांना मुक्ताईनगर गाठायचं होतं. चाचांनी केबलचे आणि मजुरीचे पूर्ण पैसे घेतले. धर्मादाय सूट त्यांनी मागितली नाही आणि चाचांनी दिली नाही.