अंदाज आधी लिहायचा, मग मोजायचे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘संभाव्यता’ पुस्तकात पहिल्यांदा भेटते ती थेट दहावीत. २०१८ साली आलेल्या ‘गणित भाग १’मधले ते पाचवे प्रकरण, अर्थनियोजन संपले की ते येते आणि त्याच्या मागोमाग सांख्यिकी. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना अशा व्याख्या ओळीने येतात. नाणी, फासे आणि बावन्न पत्ते यांवरची उदाहरणे सोडवली जातात आणि परीक्षेत हमखास गुण देणारे प्रकरण म्हणून मुले ते पाठ करून टाकतात. सहावी, सातवी, आठवी या तीन वर्षांत स्तंभालेख, त्याचे प्रकार आणि सरासरी एवढेच वाट्याला येते. झालेल्या गोष्टींची नोंद कशी ठेवायची ते मूल शिकते. त्या नोंदीवरून पुढचे काय सांगता येईल, हे त्याला कोणी विचारत नाही.

केंद्रीय अभ्यासक्रमात तसे नव्हते. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात माहितीच्या हाताळणीबरोबरच शक्यतेचा भाग अनेक वर्षे शिकवला गेला. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यात एक विचित्र चित्र दिसत असे. नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयातले मूल आठवीतच शक्यतेचा अपूर्णांक मांडत असे आणि त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतला त्याचा भाऊ त्यासाठी आणखी दोन वर्षे थांबत असे. खरे तर या विषयासाठी लागणारे सगळे सामान त्या भावाच्या घरात आणि बांधीत पडलेले असते. या लेखात त्या सामानाचाच आढावा घ्यायचा आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा म्हणजे धानाचा आणि तलावांचा मुलूख. सुरुवात बियाण्यापासून करावी. कृषी विभाग दरवर्षी पेरणीआधी शेतकऱ्यांना घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासायला सांगतो. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी सशक्त कोंब आलेले दाणे मोजायचे. प्रमाणित धानाच्या बियाण्यासाठी ८० टक्के ही किमान मर्यादा आहे. ही चाचणी मला सातवीच्या गणिताचा उत्कृष्ट पाठ वाटते. अट एकच. गुंडाळी उघडण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा, तारखेसकट.

समजा, वर्गातल्या आठ गटांनी एकाच पोत्यातले शंभर-शंभर दाणे घेतले. बियाणे खरोखर ८० टक्क्यांचे असले तरी आठही गटांना ८० मिळणार नाहीत. कुणाला ७७, कुणाला ८४, कुणाला ८१. मुले लगेच विचारतात, मग बरोबर कोण? हा प्रश्न हाती येणे हेच त्या तासाचे फळ आहे. सगळेच बरोबर आहेत, आणि आठशे दाण्यांचा एकत्र हिशेब एकेका गटाच्या हिशेबापेक्षा अधिक भरवशाचा आहे. गणिताने सांगायचे तर ८० टक्क्यांच्या बियाण्यातले शंभर दाणे घेतले की उगवलेल्यांची संख्या बहुतेक वेळा ७२ ते ८८ यांच्या दरम्यान पडते. हे सूत्र सातवीत सांगायची गरज नाही. आठ गटांचे आकडे फळ्यावर एका रेषेवर मांडले की तो पसारा डोळ्यांना दिसतो.

याच्या उलट, दहाच दाणे घेऊन पाहावे. त्याच ८० टक्क्यांच्या बियाण्यातले दहाच्या दहा दाणे उगवण्याची शक्यता जवळजवळ दहात एक आहे. म्हणजे वर्गातल्या तीस मुलांनी दहा-दहा दाणे लावले, तर साधारण तिघांचे सगळे दाणे उगवतील आणि ते तिघे आपले बियाणे शंभर नंबरी असल्याचे छातीठोकपणे सांगतील. थोड्या अनुभवावर मोठा निष्कर्ष काढण्याची माणसाची खोड इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. आणि त्यातून पुढचा हिशेबही निघतो. ८० टक्के उगवणीला ३० किलो बियाणे पुरत असेल आणि चाचणीत ६० टक्केच उगवण दिसली, तर तेवढेच पऱ्हे मिळायला ४० किलो लागेल. हा त्रैराशिकाचाच हिशेब आहे, फक्त त्यातला एक आकडा शक्यतेचा आहे. सहावीच्या मुलाला तो सहज जमतो.

नाणे आणि फासा यांच्याबद्दल माझी तक्रार अशी, की त्यांचे उत्तर आधीच ठरलेले असते. बाजू दोन, म्हणून अर्धा; बाजू सहा, म्हणून एक षष्ठांश. मोजायची गरजच उरत नाही. त्यापेक्षा अष्टाचंगाच्या खेळातले फोडलेले चिंचोके घ्यावेत. एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर काळी. पांढरी वर पडण्याची शक्यता किती? बसल्या जागी कुणालाच सांगता येत नाही. शंभरदा टाकून मोजावेच लागते, आणि जाड-बारीक चिंचोक्यांचे उत्तर वेगवेगळे येऊ शकते. दोन्ही बाजू सारख्याच पडल्या असत्या, तर चारही चिंचोके पांढरे पडण्याची शक्यता सोळात एक आली असती. प्रत्यक्षात किती येते ते मुलांनी आधी लिहावे, मग पाहावे. समसंभाव्य हा दहावीचा जड शब्द इथे सातवीतच कळून जातो, कारण जे समसंभाव्य नाही ते मुलांच्या हातात असते.

याच खेळात आणखी एक गैरसमज उघडा पडतो. लागोपाठ चार वेळा हवे ते दान पडले नाही, तर आता पडायलाच हवे, असे मुले म्हणतात. मोठी माणसेही म्हणतात. चिंचोक्याला मागचे डाव आठवत नाहीत. हे तोंडाने सांगून पटत नाही. चार वेळा चुकल्यानंतरच्या पाचव्या डावांची वेगळी नोंद ठेवायला लावली, की मुलांना ते आपले आपण दिसते.

पाऊस या सगळ्यापेक्षा अवघड, आणि म्हणून अधिक मोलाचा. गोंदियाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून येतो. त्यातल्या शब्दांना ठरलेली मापे असतात. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे पन्नासपर्यंत, बहुतांश ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरच्या वर. ही मापे गावात कुणाला माहीत नसतात, त्यामुळे तुरळक पावसाचा इशारा असताना सालेकशात सरी कोसळल्या आणि तिरोडा कोरडा राहिला, की हवामान खाते खोटे ठरते. अंदाज मात्र चुकलेला नसतो. शक्यतेचेही तसेच. सत्तर टक्के शक्यता सांगितलेल्या एका दिवसावरून तो अंदाज तपासताच येत नाही. तसे वीस-तीस दिवस गोळा करावे लागतात आणि त्यातल्या साधारण सत्तर टक्के दिवशी पाऊस झाला का, ते पाहावे लागते. शाळेच्या भिंतीवर जून ते सप्टेंबर चालणारा एक तक्ता पुरेसा आहे. एका रकान्यात खात्याचा अंदाज, दुसऱ्यात वर्गाचा, तिसऱ्यात जे झाले ते. सप्टेंबरअखेर आकडे बोलतात. ज्या घरात कापून ठेवलेल्या कडपा अवकाळी पावसात भिजतात, त्या घरातल्या मुलाला या तक्त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

भारतात मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज हिमालयातल्या बर्फावरून १८८६ साली ब्लॅनफर्ड यांनी दिला. त्यानंतर १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि जगभरच्या वायुदाबांच्या नोंदींतून मान्सूनशी जुळणारे धागे त्यांनी शोधले. बर्फ जास्त तर पाऊस कमी, एवढ्या एका नात्यावर विसंबून चालणार नाही, हे त्यांना आकड्यांनीच शिकवले.

मात्र या विषयातला सर्वांत मोठा धडा धानाच्या कापणीत दडलेला आहे, आणि तो ज्याच्या कामातून आला तो माणूस मराठी होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, १९३६ मध्ये तिथे पीएच.डी. झाले आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत उभी केली. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले, १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या पद्धतीआधी उत्पन्नाचा अंदाज नजरेने बांधला जाई. सुखात्म्यांनी तो दैवगतीवर, म्हणजे यादृच्छिक अंकांवर सोपवला.

आजही गावात पीक कापणी प्रयोग होतो तो त्याच तत्त्वावर. गट क्रमांक अंकांच्या तक्त्यावरून निघतो. शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, पुन्हा दोन यादृच्छिक अंक घ्यायचे, तेवढी पावले लांबीकडे, तेवढी रुंदीकडे चालायची आणि जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची. तिथून दोरीने ठरल्या मापाचा चौकोन आखला जातो. तो चौकोन धुऱ्याजवळच्या खुरट्या रोपांवर पडो की मधल्या भरघोस धानावर, हलवायचा नाही. आतला धान कापून, मळून, तिथल्या तिथे वजन करायचे. अशा मोजक्या चौकोनांवरून अख्ख्या महसूल मंडळाचे उत्पन्न ठरते, आणि त्यावर पीक विम्याची भरपाई व पैसेवारी अवलंबून असते.

चौकोन केवढा असावा यावर सुखात्मे आणि कोलकात्याचे सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. कमी खर्चात जास्त ठिकाणी कापणी होते. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा लहान असला की कडेवरची रोपे नकळत आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून येते. हा वाद आठवीच्या मुलांना कळतो, नुसता कळत नाही तर रंगतो. शाळेच्या मैदानावर दोरीचा लहान आणि मोठा चौकोन टाकून आतली हरळीची झाडे मोजायला सांगा. कडेवरच्या झाडांचे काय करायचे यावरून वर्गात भांडण होईल. त्या भांडणात नमुन्याचे अर्धे शास्त्र आहे.

तलावांकडे वळू. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि त्यांवर जगणारे ढिवर हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य. तलावात मासे किती, हे पाणी न उपसता सांगता येते. पन्नास मासे धरून खूण करून सोडायचे. काही दिवसांनी साठ धरले आणि त्यांत सहा खुणेचे निघाले, तर खुणेच्या माशांचा वाटा दहात एक, म्हणून एकूण मासे सुमारे पाचशे. वर्गात हे डब्यातल्या चिंचोक्यांवर करता येते, आणि डबा शेवटी रिकामा करून खरा आकडा पाहता येतो. नवेगाव-नागझिऱ्यातल्या वाघांचा अंदाज याच कल्पनेवर उभा आहे. फरक एवढाच, की वाघाच्या पट्ट्यांची खूण निसर्गानेच केलेली असते आणि धरण्याचे काम कॅमेरा करतो. उल्हास कारंथ यांनी १९९०च्या दशकात नागरहोळेत ही पद्धत रुजवली. सारसाचे मात्र वेगळे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर वन विभाग, ‘सेवा’ संस्था आणि शेतकरी मिळून सारस मोजतात, कारण संख्या दोन आकडी आहे आणि एकेक पक्षी मोजता येतो. कुठे मोजायचे आणि कुठे अंदाज करायचा, हे ठरवणे हाही गणिताचाच भाग आहे.

विदर्भाला तर या विषयाचा जुना वारसा आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघालेला असताना वाटेतल्या बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे किती ते सांगतो. त्याचा सारथी झालेला नल झाड तोडून फळे मोजतो आणि आकडा जुळतो. फाशांची विद्या आणि ही मोजण्याची विद्या एकाच माणसाकडे होती, ही बाब मला विलक्षण वाटते. युरोपात जुगाराच्या डावावरून पास्कल आणि फर्मा या गणितींचा पत्रव्यवहार झाला तो कितीतरी नंतर, १६५४ साली. बेहडा नागझिऱ्याच्या जंगलात आजही उभा आहे. त्याच्या दोन फांद्या मोजून झाडाचा अंदाज बांधणे हा सहलीतला अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे.

अडचणी खऱ्या आहेत. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. अनेक मुलांच्या घरी पोवारी किंवा गोंडी बोलली जाते, त्यामुळे ‘यादृच्छिक’ हा शब्द फळ्यावर लिहिताच धडा परका होतो. तो शब्द शेवटी आणावा. चाचणी परीक्षेत एका उत्तराला गुण असतात आणि इथे आठ गटांची आठ उत्तरे येतात. म्हणून गुण अंदाज बरोबर येण्याला देऊ नयेत. अंदाज कशावरून केला आणि तो किती चुकू शकतो, हे मुलाने लिहिले असेल, तर त्याला द्यावेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात नवी पुस्तके २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहेत. सहावी ते आठवीची पुस्तके लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी नेमकी आहे. सहावीत चिंचोके आणि बियाणे, सातवीत पावसाचा तक्ता, आठवीत खुणेचे मासे आणि दोरीचा चौकोन. व्याख्या आणि नमुना अवकाश खुशाल दहावीत ठेवा. हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो आणि गावात कापणी प्रयोग होतात ते याच दिवसांत. त्या शेताच्या धुऱ्यावर आठवीचा वर्ग वह्या घेऊन उभा राहावा आणि काट्यावर पोते चढण्याआधी प्रत्येकाने किलो लिहून ठेवावेत, एवढी तरतूद पुस्तकात आणि शाळेच्या वेळापत्रकात झाली पाहिजे.