आजीबाईचा बटवा : घरगुती उपचारांची भाषा आणि मर्यादा

प्रस्तावना

लोकपरंपरेचा अभ्यास म्हटला की ओव्या, उखाणे, म्हणी आणि कहाण्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. मौखिक परंपरेने जपलेले आणखी एक भांडार मात्र आपल्या स्वयंपाकघरातच असते. हळद, सुंठ, ओवा, लवंग, जायफळ आणि परसातील तुळस, अडुळसा, गवती चहा यांच्या आधाराने होणाऱ्या उपचारांना आपण 'आजीबाईचा बटवा' म्हणतो. या ज्ञानाने मराठी भाषेला काय दिले, त्याची नोंद कशी करावी आणि त्याची मर्यादा कोठे ओळखावी, हे आता आपण पाहू.

१. बटव्यातून भाषेत आलेले शब्द

'सुंठेवाचून खोकला गेला' ही म्हण आपण सर्रास वापरतो. खोकल्यावर सुंठ देतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या म्हणीतील गंमत कळणार नाही. एखाद्यापुढे कोणाची 'मात्रा चालत नाही', एखादी घटना कोणाच्या 'पथ्यावर पडते', एखाद्याला सचोटीचे 'बाळकडू' मिळालेले असते. हे सारे वाक्प्रचार औषधोपचारातून व्यवहारात आले आहेत.

कृतिदर्शक शब्दही असेच नेमके आहेत. वेखंड उगाळतात, ओवा भाजतात, आले ठेचतात. काढा उकळतात, चाटण चाटवतात, लेप लावतात, वाफारा घेतात. 'अष्टमांश काढा' म्हणजे पाणी आटवून आठवा हिस्सा उरवलेला काढा. बाळगुटीचे मोजमाप सहाणेवरील वेढ्यांनी होते : एका जिनसाचा एक वेढा, दुसऱ्याचे दोन. या शब्दांत कृती आणि प्रमाण दोन्ही सामावलेली असतात. म्हणून असा एक शब्द वापरातून गेला की त्याच्यामागचे ज्ञानही जाते.

२. उपचाराची चार अंगे

कोणताही घरगुती उपचार लक्षण, द्रव्य, मात्रा आणि मर्यादा या चार अंगांनी पूर्ण होतो. पुढील उदाहरणे पाहा.

जुलाबांत शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. अशा वेळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजतात. येथे लहान चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा चमचा. साखरेमुळे आतड्यात मीठ व पाणी शोषले जाण्यास मदत होते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरील क्षार-शर्करेचे द्रावण पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. येथे मात्रेचे महत्त्व स्पष्ट दिसते, कारण मीठ अधिक पडले तर हेच पाणी अपायकारक ठरते. रुग्णाला ग्लानी आली, लघवी थांबली, शौचातून रक्त पडू लागले किंवा पाजलेले सारे उलटून पडू लागले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

दाढदुखीवर लवंग धरली की ठणका कमी होतो. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य तेथील संवेदना बधिर करते. कीड मात्र तशीच राहते. दुखणे थांबणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आल्याचा रस व मध हे खोकल्यावरचे परिचित चाटण. परंतु एक वर्षाच्या आतील बालकाला मध देऊ नये, कारण मधात क्वचित आढळणाऱ्या जिवाणूंमुळे त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी चाटण पुरेसे नाही. क्षयाची तपासणी करून घ्यावी. बाळगुटीची परंपरा जुनी असली तरी पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते. सर्पदंशावर तर बटव्यात काहीच नाही. तेथे रुग्णालयातील प्रतिविष हाच उपाय.

३. नोंद का करावी?

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरी ठाऊक असलेली ही गोष्ट सिद्ध करण्यासाठी संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख यांसारखे लिखित पुरावे सादर करावे लागले. केवळ तोंडी असलेले ज्ञान अशा वेळी दुबळे ठरते.

तथापि, अर्धवट नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक असते. आजी उपाय सांगते तेव्हा 'दोन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरला दाखव' असेही बजावते. तोच उपाय भ्रमणध्वनीवरून दहा जणांकडे फिरतो, तेव्हा पहिल्यांदा गळते ते हेच वाक्य. नावांबाबतही दक्षता हवी. ब्राह्मी या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. यासाठी स्थानिक नावाबरोबर पान, फूल आणि वाढीची जागा यांचे वर्णनही लिहावे.

सारांश

आजीबाईचा बटवा हा श्रद्धेने डोळे मिटून स्वीकारण्याचा किंवा हसून टाकून देण्याचा विषय नाही. तो तपासून, पूर्णपणे लिहून जपण्याचा विषय आहे. उपचाराचे चौथे अंग, म्हणजे मर्यादा, ही त्या ज्ञानाची उणीव नसून त्याच्या प्रौढत्वाची खूण आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तीन घरगुती उपचार जाणून घ्या. ते त्यांच्याच बोलीत लिहून चार अंगांनुसार मांडा. जे अंग सांगितले गेले नसेल, त्याविषयी पुन्हा विचारा.

२. औषधोपचारातून व्यवहारात आलेले आणखी पाच शब्द किंवा वाक्प्रचार शोधून त्यांचे मूळ स्पष्ट करा.